दुसऱ्या पारड्यात गूळ

जो जन्माने थोर असतो, तो मरणानेही थोरच असतो.

दत्ता, हे वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत माजी सभापती बोलले. आवाज जड होता, डोळे मिटलेले होते, आणि वरचा पुढचा दात नसल्यामुळे प्रत्येक 'स'मधून वारं सुटत होतं. तो दात तूच पाडलास. मरणाच्या दिवशी, मरायच्या जरा आधी. सभेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, म्हणून सगळे जमिनीकडे बघत होते. लोकांना वाटलं असेल, किती दुःख झालंय. तुझ्या थोरपणाचं म्हणशील, तर तिरडीला दोन बांबू जास्तीचे लागले, एवढाच पुरावा मी डोळ्यांनी पाहिला.

जन्माने थोर म्हणजे काय, हे मात्र तिथे कोणाला विचारावं लागलं नाही. ताडकळसच्या आसपास तुझं जन्माचं वजन लोकांना पाठ आहे. आपल्या भावकीत बाळ जड निघालं की त्याच्या भारंभार गूळ वाटायचा, ही रीत. नाळ कापल्या कापल्या अण्णांनी तुला उपरण्याच्या झोळीत घातलं आणि आडत्याच्या काट्याला नेऊन टांगलं. तो काटा शेतकऱ्याच्या मालाला कायम कमी दाखवायचा. त्यामुळे काट्याने दाखवलं त्यात गावाने आपल्या अंदाजाने भर घातली, आणि पुढे दर वर्षी थोडी थोडी घालत गेलं. तू चाळिशीत आलास तेव्हा तुझं जन्माचं वजन सहा किलोच्या पुढे गेलं होतं. वयाबरोबर वाढत जाणारं जन्माचं वजन मी दुसरं पाहिलं नाही.

मी तुझ्याआधीची, मांजराएवढी. मला काट्यावर कोणी नेलं नाही. "आक्का," तू म्हणायचास, "तुझ्या भारंभार वाटायला गूळ कशाला लागतोय? साखरंची पुडी बास झाली आसती." हे तू माझ्या लग्नात म्हणालास, माझ्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन म्हणालास. सेलूच्या शाळेतल्या ग्रंथालयात मी आयुष्य घालवलं, तिथल्या लोकांना माझ्याबद्दल तेवढंच आठवतं.

तू काट्यावर झुलत होतास तेव्हा घरात काय चाललं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुझं डोकं बाहेर आलं होतं आणि खांदा आत अडकला होता. सुईण आईच्या पोटावर गुडघा रोवून बसली. दोघी बायांनी तुझी मान आणि डावा हात धरला आणि ओढलं, चिखलात रुतलेली गाडी ओढतात तसं. आई ओरडायची थांबली तेव्हा त्यांना वाटलं ती गेली. ती गेली नव्हती, फाटली होती. अण्णा गूळ तोलत होते आणि आईखालच्या गोणपाटातून रक्त उतरून उंबऱ्याकडे चाललं होतं. मी चार वर्षांची, उंबऱ्यात बसले होते. मला ते आठवत नाही. माझ्या पायाला ते लागलं, असं आई सांगायची.

ती वाचली. पण त्यानंतर ती खोकली, हसली, घागर उचलली की तिचं लुगडं ओलं व्हायचं. म्हणून ती लग्नाकार्यात पंगतीआधी उठून जायची. तू म्हणायचास, आईला माणसांची आवडच न्हाई. आणि तुझा डावा हात, जो कधी खांद्याच्या वर सरळ गेला नाही? पालमच्या जत्रेत पहिल्या मोठ्या कुस्तीत एका पैलवानाने खांदा उखडला, असं तू सांगायचास. त्या पैलवानाचं गाव दर वेळी बदलायचं. तो हात कुस्तीत गेला नाही, दत्ता. तो आईच्या पोटातून निघताना गेला. "त्याला नको सांगूस," आई म्हणाली होती, "भितीला डोस्कं आपटून घेईल." तिचं खरं होतं, तू आपटून घेतलंच असतंस. आणि भिंत मातीची होती, पडली असती.

त्या अधू हाताने तू किती माणसं आडवी केलीस. तुझी कुस्ती बघणं म्हणजे खाटकाच्या दुकानासमोर उभं राहणं. डाव असे तुला दोनच येत. एक उजव्या हाताने मानेवर बुक्की, आणि दुसरा त्याच हाताने पुन्हा बुक्की. पंच ओरडायचे, हे कुस्तीत बसत नाही. तू म्हणायचास, बसत न्हाई तर उठवा त्याला. एकदा एकाच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू आला. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. त्याला बाजेवर.

लोकांना तू मारलंस. सालगड्याला मारलंस, एसटीच्या वाहकाला मारलंस, पोळ्याला बैल आडवा घातला म्हणून चुलतभावाला मारलंस, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला बसलास. या सगळ्याबद्दल मी तुझ्याशी भांडले. एका बाबतीत भांडले नाही, तेही आज लिहायला हवं. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला भिंतीवर ढकललं, ओठ फुटला. मी कोणाला कळवलं नव्हतं. सेलूच्या बाजारात कोणीतरी माझं तोंड पाहिलं आणि तुझ्यापर्यंत पोचवलं. तू सकाळच्या गाडीने आलास. चप्पल बाहेर काढलीस, माझ्याकडे बघितलं नाहीस, त्याचा गळा धरलास आणि त्याला कपाटावर मारलंस. कपाटाचं दार आत गेलं. त्याचं मनगट मोडलं. मग तू खाली बसलास आणि म्हणालास, "आक्का, च्या टाक."

मी चहा टाकला. आपण दोघांनी प्यायला, तो कोपऱ्यात हात धरून कण्हत होता. त्यानंतर त्याने माझ्यावर हात उचलला नाही, आणि कपाटाचं दारही कधी नीट लागलं नाही. हिंसेने काही सुटत नाही, असं मी पुढे वर्षानुवर्षं ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना सांगितलं. सांगताना ते कपाट डोळ्यांसमोर यायचं.

पण दत्ता, तू बाहेर लोकांना मारत होतास, तेव्हा आत तुझं रक्त तुला मारत होतं. ते आपल्याला कळलं गावातल्या आरोग्य शिबिरात.

शिबिर म्हणजे फलक मोठा आणि टेबल लहान. शिकाऊ वाटावा असा एक डॉक्टर बसला होता. त्याने तुझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि पट्टा फाट्‌कन सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू दोन्ही दंड दाखवलेस, म्हणजे एक पूर्ण आणि एक जमेल तेवढा. दुसऱ्यांदा पट्टा धरून ठेवायला माणूस लावला. आकडा बघून डॉक्टर हसायचा थांबला. म्हणाला, काका, आजच परभणीला जा. तू गेला नाहीस. तुला कुठूनतरी कळलं की लहान पट्टा मोठ्या दंडाला लावला तर दाब जास्तीचा दिसतो.

"पट्टा बारका हाय, आक्का. माझं रक्त चांगलं हाय. पट्ट्याला औशद द्या म्हनावं."

आणि गंमत म्हणजे पट्ट्याबद्दल तू म्हणत होतास ते खरं होतं. मी वाचून खात्री केली. म्हणून परभणीहून मोठ्या पट्ट्याचं यंत्र घेऊन तुझ्या गोठ्यात आले. तू ते सर्जाच्या पायाला बांधलंस. बघू म्हणालास, बैलाला किती हाय. बैलाने लाथ मारली. मी चिडले, तेव्हा तू ते यंत्र उचललंस आणि दगडी गव्हाणीवर हाणलंस. ते फुटलं, तरी पुन्हा हाणलंस. तुझ्या गळ्याची शीर तेव्हा दोरखंडासारखी उभी होती. माझं लक्ष यंत्राकडे नव्हतं, त्या शिरेकडे होतं.

मग तुझी लेक रेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

मीच तिला परभणीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. घरी येऊन सांगितल्यावर तू ओसरीवर उभा राहिलास आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालास, "आधी साखर पाजायची अन् मग म्हनायचं साखर वाढली. ह्येला काय न्याव म्हनत्यात का? मला दारू पाजून तुमी म्हननार, दत्त्या पिलाय." गल्ली हसली. तुझी बायको सुमनही हसली. पाजलेली साखर अंगातून किती वेळात उतरते ते पाहायचं असतं, हे मी सांगत राहिले, तू डिंकाच्या लाडवांचा डबा रेणूच्या मांडीवर ठेवलास.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी रेणूला विचारलं होतं, घरात कोणी जन्मतः फार मोठं होतं का? रेणू खुर्चीत ताठ झाली. "माझे पप्पा," ती म्हणाली, आणि तुझं वजन सांगितलं, गावाच्या ताज्या भरीसकट. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पप्पांचं बीपी कधी मोजलंय?"

त्यांनी समजावलं ते साधंच होतं. आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळाकडे जाते. बाळ तिच्यावर फुगतं. लोक त्याला ताकद म्हणतात. बरीचशी चरबी असते. अशातली काही मुलं पुढे लवकर जड होतात, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती वेळेआधी जाड आणि ताठ होतात, दाब चढतो. "सगळ्यांचं तसं होत नाही हं," बाई म्हणाल्या, "पुष्कळ मोठी बाळं मजेत म्हातारी होतात. पण लक्ष ठेवायला काय जातं?" नंतर मी स्वतः वाचलं. संशोधक मंडळीही आपल्या भावकीसारखी आपसात भांडतात. जन्माच्या वजनाचा दोष किती, आईच्या साखरेचा किती, पुढच्या खाण्यापिण्याचा किती, यावर त्यांचं अजून एकमत नाही. वर असंही कळलं की फार हलक्या बाळांच्या रक्तवाहिन्याही पुढे त्रास देतात. म्हणजे माझ्या. बाईंनी माझाही दाब मोजला. तेव्हापासून मी रोज सकाळी एक गोळी घेते.

हे तुला सांगितलं तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस.

"म्हंजे मी मोठा म्हनून मरनार, तू बारकी म्हनून मरनार. मग तुझ्या डाक्टरनीला इचार, जगनार कोन?"

जगणार कोण ते मला माहीत नव्हतं, दत्ता, पण मी गोळी घेतली आणि तू घेतली नाहीस, एवढाच आपल्यात फरक होता.

दिवस भरत आले तेव्हा बाईंनी मला एकटीला आत घेतलं. बाळ फार मोठं दिसतंय, घरात कधी अवघड बाळंतपण झालंय का? मी दार लावलं आणि आईचं सगळं सांगितलं. गुडघा, गोणपाट, तुझा हात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सिझेरियन करू.

त्या दिवशी तू दवाखान्यात केलंस ते मी विसरणार नाही. "माझ्या पोरीचं पोट फाडाया निगाल्या. आमच्यात बाया शेतात बाळंत व्हत्यात." वॉर्डबॉय आडवा आला, त्याला तू भिंतीला चिकटवलंस. मी म्हणाले, दत्ता, खाली बस. तू माझ्याकडे वळलास. "तूच सांगितलंस का काय त्या बाईला? काय सांगितलंस?" तुझी मूठ माझ्या तोंडापासून हातभर होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझी भीती वाटली. ती मूठ तू बाजूच्या दाराच्या काचेत घातलीस. काच पडली, पाठोपाठ तुझं रक्त पडलं, भरभर, नळ सोडल्यासारखं. ज्या मजल्यावर रेणूचं पोट शिवत होते त्याच मजल्यावर तुझा हात शिवला. शिवणारी डॉक्टर मुलगी म्हणाली, "काका, तुमचं रक्त थांबायला लय वेळ लागायलाय, बीपीची गोळी घेता ना?" तू तिच्याकडे बघितलंस आणि मला म्हणालास, "समद्यांला तूच शिकवून ठेवलंय."

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. शेजारच्या पेट्यांमध्ये दीड किलोची, पावणेदोन किलोची बाळं, उंदरासारखी, नळ्या लावलेली. मधोमध आपला हा, पावणेपाच किलोचा, सरपंच बसावा तसा. तू काचेला नाक लावून हसलास. मग नर्सने सांगितलं, याची साखर एकदम उतरलीय, आत सवय होती आईच्या साखरेची, आता मिळेना, म्हणून सलाइन. तू हसायचा थांबलास. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलास.

"आक्का," तू म्हणालास, "एवढं मोठं आसून, कामून?"

एवढाच 'का' तू मला खऱ्या अर्थाने विचारलास. मला वाटलं, आता बोलता येईल. आईचं, हाताचं, तुझ्या नसांचं. मी सुरुवात केली, "दत्ता, तू जन्मलास ना, तेव्हा..." आणि तुझा फोन वाजला. माजी सभापती होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती: दत्ता पैलवानाचा नातू, दत्ता पैलवानाएवढाच. भव्य गूळतुला करू, ते म्हणाले, मंडप आमच्याकडून. तुझी पाठ माझ्या डोळ्यांसमोर ताठ होत गेली. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "तू काय म्हनत हुतीस?" मी म्हणाले, नंतर बोलू.

बाळ महिन्याचं होता होता मंडप पडला. भोंगे लागले, फेटे बांधले गेले. आडत्याच्या नातवाकडून तोच जुना काटा आणला, झेंडूच्या माळा घालून. एका पारड्यात बाळ, दुपट्यात, झोपलेलं. दुसऱ्यात गुळाच्या भेल्या एकेक करून ठेवायच्या. सूत्रसंचालक प्रत्येक भेलीला "बलशाली" म्हणत होता. रेणू टाक्यांवर हात धरून पारड्याशेजारी उभी होती, चेहरा पांढरा. तू मध्ये उभा, उजवा हात वर. सभापती तुझ्या मागून शाल घेऊन आले, कारण फोटोत त्यांना तुझ्या खांद्यावरून दिसायचं होतं. त्यांनी शाल तुझ्या पाठीवर टाकली.

आणि तू किंचाळलास. तसा आवाज मी तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पारडं हललं. तू गर्रकन फिरलास आणि सभापतींच्या तोंडावर तुझी बुक्की बसली. कसलाही डाव नाही, सगळं अंग त्या हातात. ते खुर्च्यांवर पडले. त्यांच्या तोंडातून रक्ताची पिचकारी पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. दोन कार्यकर्ते तुझ्यावर धावले. लोकांना वाटलं राजकारण आहे. तू गुडघ्यांवर आला होतास, छाती धरून, तरी ते तुला लाथा मारत होते. मग आपले लोक उठले. खुर्च्या उडाल्या. कोणीतरी पारड्यातला गूळ उचलून समोरच्याच्या कपाळावर घातला, मग सगळ्यांनाच ते सुचलं. बलशाली भेल्या माणसांच्या डोक्यांवर फुटत होत्या. भोंग्यावर सनई चालू होती. गूळ गेला तसं बाळाचं पारडं खाडकन खाली आलं. ते जमिनीला लागायच्या आत रेणूने बाळ उचललं आणि टाक्यांचा विचार न करता धावत सुटली. बाळ जागं झालं नाही.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग गार, घामाने निथळलेलं. "मागून मारलं," तू म्हणालास, "कोन हाय त्यो?" मी म्हणाले, कोणी नाही. "मारलं आक्का. पाठीत. सुरा मारला." परभणी येईपर्यंत तू तेच म्हणत होतास. दुसरं काही बोलला नाहीस. शेवटचे शब्द म्हणून शोकसभेत जे सांगितलं गेलं, ते तुझ्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, सगळ्या अंगाला रक्त नेणारी. तिचं आतलं अस्तर फाटलं होतं, आणि रक्त दोन थरांच्या मध्ये घुसून तिला आतून उभी चिरत खाली गेलं होतं. दाब वर्षानुवर्षं भिंतीवर आपटत राहिला की एक दिवस भिंत उकलते, ते म्हणाले. रुग्णांना वाटतं कोणी पाठीत सुरा मारला. शस्त्रक्रियेसाठी पुढे न्यायची तयारी चालली होती. तू थांबला नाहीस.

मी हे जन्माच्या वजनावर लादत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं एका कारणाकडे बोट दाखवता येत नाही. तंबाखू होती, राग होता, न घेतलेली गोळी होती. पण मला माहीत आहे की तुझ्या बारशापासून तुला सगळ्यांनी एकच सांगितलं: तुला काही होत नाही. काट्याने ठरवलंय. ते कपाट सोडलं, तर सभापतींना बसलेली ती एकच बुक्की अशी आहे जिच्याबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. तुला खरंच कोणीतरी मारलं होतं. तू चुकीच्या माणसाकडे वळलास, एवढंच; आणि दात बघता, तितकासा चुकीचाही नव्हे.

शोकसभेच्या शेवटी सभापतींनी जाहीर केलं की पैलवानांची अपुरी राहिलेली गूळतुला तेराव्यानंतर त्याच मंडपात पूर्ण करू, हीच खरी श्रद्धांजली. दत्ता पैलवान नातवाच्या रूपाने परत आलेत. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, मग वाजवल्या. दिवस ठरला. नेमका तोच दिवस बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा होता, आणि रेणूला साखर पुन्हा तपासायला बोलावलं होतं तोही.

सुमन म्हणाली, लस काय, पुढच्या आठवड्यात घेता येईल. दिवसभर त्याच्या तोंडात वरच्या दुधाची बाटली देत होती. बाळ वाळलं तर लोक काय म्हणतील. मी काही बोलले नाही. मी तुझ्याशी बोलून काय मिळवलं होतं?

बोलली रेणू. "मम्मी, ती बाटली ठिव."

"आगं तुझ्या बापाची इच्छा हाय, रेणे. त्याच्या जिवाला शांती लाभंल."

"पप्पाला जगायची बी इच्छा आसंल की. ती कोनी पुरी केली?" सुमन रडायला लागली. रेणू तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिचे डोळे पुसले. मग बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "आत्या, चल. गाडी जाईल."

ताडकळसच्या स्टँडवर आम्ही एसटीत चढलो तेव्हा मंडपाच्या बाजूने भोंग्याचा आवाज येत होता. वाहकाने बाळाकडे बघून विचारलं, "पैलवानाचा नातू का?" रेणू म्हणाली, "माझा हाय."

दवाखान्यात तिला साखरेचं पाणी दिलं. पहिला घोट घेतला आणि तिला हसू फुटलं, मला कळलं का ते. "आधी साखर पाजायची," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता आलं नाही. पेला दोन्ही हातांनी धरून ती इतकी रडली की पाणी सांडलं, आणि नर्सने दुसरं आणायला सांगितलं. तिची साखर काठावर निघाली. चालायचं, जपून खायचं, दर वर्षी तपासायचं. बाळाला सुई टोचली तेव्हा त्याने तुझा आवाज काढला. मग त्याला वजनाच्या यंत्रावर ठेवलं. नर्सने कार्डावर टिंब दिलं. टिंब मधल्या रेघेच्या वर होतं, वरच्या रेघेच्या खाली. मी विचारलं, कसं आहे? "ठीक आहे," ती म्हणाली, "अंगावरचंच पाजा," आणि पुढच्या बाळाचं झबलं काढायला सांगितलं.

रेणूने ते कार्ड बसमध्ये हातातच धरून ठेवलं होतं. तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, दोन्ही हात वर करून. दोन्ही, दत्ता, अगदी सरळ.

आम्ही परत आलो तेव्हा मंडप सोडत होते. सुमनने सांगितलं, गूळतुला झाली. बाळ नाही म्हटल्यावर सभापती थोडे अडले, पण माणसं जमली होती आणि गूळ आलेला होता. मग त्यांनी भिंतीवरचा तुझा फोटो काढून आणला आणि पारड्यात ठेवला. काच आणि चौकट धरून तू पावणेदोन किलो भरलास.